रंगूअक्का आणि आठची गोळी

रंगूअक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं ते कुंभकोणमच्या तांदळाच्या मंडीत. पोती तोलायच्या लोखंडी काट्यावर एक लाकडी पाट ठेवला होता. पाटावर सातेक वर्षांचा गोबरा मुलगा मांडी घालून बसला होता आणि शेजारी उभ्या असलेल्या उंच, काटक बाई व्यापाऱ्याला तमिळमध्ये दम देत होत्या. आधी नुसता पाट तोल, मग मुलासकट तोल, आणि वजा करून मला सांग, असं त्यांचं म्हणणं होतं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला हा कार्यक्रम व्हायचा, हे मला नंतर कळलं. व्यापारी एखाद्या महिन्यात चेष्टा करायचा, "अम्मा, हा माल कुठल्या गावाला पाठवायचा?" अक्का हसायच्या नाहीत. आकडा ऐकून झाला की त्या मुलाकडे वळायच्या.

त्या दिवशी त्या मुलाला म्हणाल्या, "मागल्या मासाहून अर्धा किलो वाढलास रे. कोणें काय दिलें तें आतांच सांग."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. नवऱ्याची बँकेत बढतीवर बदली झाली होती, आम्ही साताऱ्याहून येऊन आठ दिवस लॉजवर पडलो होतो, आणि त्या आठ दिवसांत नवऱ्याखेरीज कोणाच्या तोंडून मराठीचा एक शब्द कानावर आला नव्हता. हा व्यापारी बँकेचं गिऱ्हाईक, तो घर दाखवणार होता म्हणून मी मंडीत आले होते. मी विचारलं, "तुम्ही मराठी?" त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "अम्ही मराठीच. तुम्ही कोण?"

साताऱ्याची म्हटल्यावर त्या जरा मवाळल्या. त्यांचे पूर्वज तिकडूनच कधीतरी भोसल्यांच्या मागोमाग तंजावरला आले होते. त्यांच्याच घराचा वरचा मजला रिकामा होता. भाडं त्यांच्या भावाने सांगितलं, पण अटी अक्कांनी घातल्या. "कांदा-लसूण वरल्या वरीं. माझ्या रांधणीत तुमचें पाऊल नको. आणि या पोरास मला विचारल्यावांचून कांहीं खावयास द्यायचें नाहीं. तिसरी अट मोडलीत तर घर सोडायचें." पहिल्या दोन अटी मला सोवळ्याच्या घरात अपेक्षित होत्या. तिसरीचा अर्थ मला कळला नाही, आणि खरं सांगायचं तर बाई मला फारच खाष्ट वाटल्या.

घरात माणसं चार. अक्कांचे धाकटे भाऊ श्रीनिवासराव टेलिफोन ऑफिसात होते. त्यांची बायको वत्सला पट्टीश्वरमच्या शाळेत शिकवायची, तिला सकाळी सातची बस पकडावी लागे. त्यांचा एकुलता एक मुलगा रघु. आणि अक्का. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला तेव्हापासून त्या भावाकडेच होत्या. रघु जन्मला तेव्हा त्या पंचावन्नच्या पुढे होत्या, आणि त्यांनी त्याला आपल्या ताब्यात घेतला तो कायमचा.

रघु पाच वर्षांचा झाला तरी जिना चढताना कठड्याला लोंबकळायचा. खाली बसला की गुडघ्यांवर हात टेकत टेकत स्वतःच्याच अंगावर चढून उभा राहायचा. साडेसहाव्या वर्षी मद्रासच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की स्नायू झिजत जाण्याचा आजार आहे, जन्माचाच आहे, बरा होत नाही, पुढे चालणं थांबेल. मग ते म्हणाले, एक गोळी आहे. स्टेरॉइड. या आजाराला ती देऊ लागल्याला फार दिवस झालेले नाहीत. तिने चालायचे दिवस थोडे वाढतात, पण ती जितकी उपयोगाची तितकीच त्रासाची आहे, सांभाळायला कोणी खमकं माणूस हवं. श्रीनिवासराव खाली बघत राहिले. अक्कांनी विचारलं, "सांभाळायचें म्हणजे काय काय, तें एकेक सांगा."

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्यांना तोंडपाठ होतं. गोळी सकाळी, पोटात अन्न गेल्यावर. रिकाम्या पोटी कधी नाही. मीठ कमी, साखर कमी, तळलेलं जवळजवळ बंद. दूध, नाचणी, सकाळचं ऊन, कारण हाडं ठिसूळ होतात. दर महिन्याला वजन आणि रक्तदाब, वर्षाला डोळे. कांजिण्या आलेल्या मुलाजवळ फिरकू द्यायचं नाही, चुकून गेलाच तर लगेच डॉक्टरला सांगायचं. आणि गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही. अक्कांना इंग्रजी येत नव्हतं आणि गोळीचं नाव सोडून त्यांनी ते शिकायचा प्रयत्नही केला नाही. गोळीला त्या तमिळमधला शब्द वापरून 'मात्रै' म्हणत. मात्रै सकाळी आठला. सव्वासातला आंघोळ, पावणेआठला इडली, आठला मात्रै. रस्त्यावरचे लोक त्यावर घड्याळ लावत नसत, पण मी मात्र लावू लागले.

पहिल्या दिवाळीनंतर मी माहेरहून कंदी पेढे आणले. रघु वर येऊन माझ्या दारात बसला होता. त्या गोळ्यांनी भूक अशी खवळते की मूल दिवसभर खायचंच बोलत राहतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. "मामी, आत्त्या मला कांहींच देत नाहीं," असं तो इतक्या केविलवाण्या तोंडाने म्हणाला की माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. एक दिला. मग दुसरा. मी आत दूध बघायला गेले तेवढ्यात त्याने सात पेढे उडवले. पुढल्या तीन-चार दिवसांत उरलेला डबाही असाच संपला, आणि तो मीच संपवला असं मी नवऱ्याला सांगितलं.

एक तारखेला काट्याने चुगली केली. अक्का जिना चढून वर आल्या. मला वाटलं, आता सामान बांधावं लागणार. त्यांनी रिकामा डबा पाहिला, त्याचा वास घेतला आणि खाली फरशीवर बसल्या.

"अगे सातारी," त्या म्हणाल्या, "तुला त्याची दया आली. मला येत नाहीं असें वाटतें?"

मी मान खाली घातली.

"त्याच्या पायांत बळ किती राहिलें आहे तें मला ठाऊक. दहा शेर ओझें उचलणाऱ्यावर बारा शेर घातलें तर तो काय करील? बसेल. हा बसला तर पुन्हां उठणार नाहीं. तूं त्याला पेढा दिला नाहींस, ओझें दिलेंस."

त्या रागावल्या असत्या तर मी उलट बोलले असते. त्यांनी मग मला कामालाच लावलं. रघुला भूक लागली की काय काय देता येईल याची यादी पाठ करायला लावली. पाणीदार ताक, काकडी, चुरमुरे, भाजलेल्या पेरूच्या फोडी. पेरू भाजून खातात हे मी त्यांच्याकडून शिकले. त्या दिवसापासून रघुची चारची भूक माझ्याकडे आली, आणि मी 'तुम्ही'ची 'तूं' झाले.

गोळ्यांनी त्याचा चेहरा गोल गरगरीत झाला होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांना तो भलताच सुदृढ वाटायचा. गोविंदपुरम्‌ला विठ्ठलाच्या देवळात भजनाचा उत्सव होता. रुक्मिणी कल्याणाच्या, म्हणजे देवाच्या लग्नाच्या दिवशी आम्ही सगळे गेलो होतो. तिथल्या बायका रघुचे गाल ओढून 'कसं बाळसं धरलंय' म्हणायच्या. एक आजीबाई तर वत्सलाला म्हणाल्या की पूर्वी पोर वाळकं होतं, आता बाळकृष्ण झालाय, त्या औषधाचा गुण दिसतो आहे, आणखी थोडं वाढवून द्या. बिचारी वत्सला. तिचा चेहरा खुलला. आजारी मुलाच्या आईला असं कोण कधी म्हणतं? परतताना बसमध्ये तिने हळूच विचारलं, "अक्का, डॉक्टरला विचारून अर्धी वाढवायची का?"

अक्का म्हणाल्या, "तें बाळसें नव्हे, वत्सला. मात्रैची सूज आहे ती. डॉक्टर वाढव म्हणाला तर वाढवूं, कमी कर म्हणाला तर कमी करूं. गाल पाहून औषध द्यायचें असेल तर डॉक्टर कशास?" थोड्या वेळाने त्यांनी तिचा हात हातात घेतला. "मात्रै त्याला बरें करत नाहीं. चालायचे दिवस वाढवते. दिवस म्हणजे कमी आहेत का?" कुंभकोणमचा स्टँड येईपर्यंत दोघी तशाच बसून होत्या.

प्रसादाच्या बाबतीत मात्र त्यांची पंचाईत व्हायची. गूळ-तांदळाचं गोड पोंगल, वर तुपाचा ओघळ. प्रसाद नाकारायचा नाही आणि पोराला द्यायचा नाही. त्या रघुच्या तळहातावर बोटाच्या पेराएवढा ठेवायच्या आणि बाकीचा द्रोण माझ्यापुढे करायच्या. साडेसहा वर्षांत माझं वजन का वाढलं याचं उत्तर त्यात आहे.

कांजिण्यांचं त्यांनी फारच मनावर घेतलं होतं. तिकडे घरात कोणाला कांजिण्या आल्या की देवी आली असं समजतात, दाराला कडुनिंबाचा डहाळा लावतात, आणि औषध देत नाहीत. येणारे-जाणारे तो डहाळा पाहून हात जोडतात. अक्काही जोडायच्या, पण लांबून. उन्हाळा लागला की त्या सकाळी लवकर उठून आजूबाजूच्या चार रस्त्यांवर चक्कर मारून यायच्या. कुठल्या दाराला डहाळा आहे ते पाहून ठेवायच्या आणि त्या दिवशी रघुला शाळेत न्यायचा रस्ता ठरवायच्या. एकदा तीन बाजूंना डहाळे लागले तेव्हा त्यांनी त्याला आठ दिवस घरीच ठेवला आणि हेडमास्तरांना तोंडावर सांगितलं की हजेरी तुमची आहे, पोर माझं आहे.

श्रीनिवासरावांचा एक चुलत मेहुणा दम्याने बेजार असायचा. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की असल्याच गोळ्यांनी छाती मोकळी होते. तो आला आणि सरळ म्हणाला, दहा-बारा गोळ्या दे. अक्का म्हणाल्या, "मीठ संपलें तर मीठ नेतात. ही उसनी द्यायची वस्तु नव्हे. एकदां आंत गेली की तिच्या मर्जीनें बाहेर निघते." तो वर्षभर बोलला नाही. अक्कांच्या ते लक्षातही आलं नाही.

इतक्या डोळ्यांत तेल घालून वागणाऱ्या बाईकडून चूक झाली, आणि तीही नियम पाळताना झाली. ते मी आता सांगते, कारण त्याशिवाय अक्का कोण होत्या ते कळणार नाही.

आम्ही त्या घरात राहायला येऊन दीड वर्ष झालं होतं. गुरुवारी रात्री रघुला उलट्या सुरू झाल्या. शुक्रवारी सकाळी इडलीचा घास पोटात ठरेना. आता रिकाम्या पोटी मात्रै द्यायची नाही, हे डॉक्टरांनी तीनदा बजावलेलं. अक्कांनी दिली नाही. म्हणाल्या, पोट थांबलं की देऊ. शनिवारी उलटी कमी झाली पण तो नुसतं पाणी आणि ताकच पीत होता. ताक म्हणजे अन्न नव्हे, म्हणून शनिवारीही दिली नाही. रविवारी अक्कांच्या वडिलांचं श्राद्ध होतं.

त्या घरात श्राद्धाच्या दिवशी ब्राह्मण जेवून उठेपर्यंत कोणी काही खात नसे, मुलंसुद्धा. आदल्या वर्षी रघुची मात्रै दोन वाजता जेवणानंतर दिली होती आणि काही झालं नव्हतं. या वर्षीही तसंच करायचं ठरलं. आदल्या वर्षी पोराचं पोट ठीक होतं आणि या वर्षी त्याला दोन दिवस गोळी मिळालेली नाही, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. मी तर श्राद्धाच्या दिवशी वरून खाली उतरायचंच टाळत असे.

बाराच्या सुमारास मी वाळलेले कपडे काढायला मागल्या बाजूला गेले. खिडकीतून रघुचा पलंग दिसत होता. तो म्हणाला, "मामी, पाणी." पण तो ते असं म्हणाला की मला दोनदा ऐकावं लागलं. मी आत हात घालून कपाळाला लावला. कपाळ थंडगार आणि घामाने ओलं. ओठ पांढरे. मी पाणी आणायला वळले तोवर त्याचे डोळे मिटले होते, आणि हाक मारली तरी उघडेनात.

मी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिले. आत पाऊल टाकायला बंदी. अक्का ओलेत्याने वडे तळत होत्या, पलीकडे पानं मांडलेली, ब्राह्मण येऊन बसलेले, पुरोहित श्रीनिवासरावांकडून संकल्प सोडवून घेत होते. मी म्हटलं, "अक्का, रघु डोळे उघडत नाही. अंग गार पडलंय."

त्यांनी झारा खाली ठेवला. "आज किती दिवस झाले?" त्यांनी मलाच विचारलं. मग स्वतःच बोटांवर मोजलं. शुक्र, शनि, रवि. तिसऱ्या बोटाला त्यांचा चेहरा जसा उतरला, तसा मी पुढे कधी पाहिला नाही.

त्या ओल्या सोवळ्यातच बाहेर आल्या. रघुच्या खोलीत शिरल्या आणि त्याला छातीशी उचलून घेतलं. सोवळं मोडलं, म्हणजे त्या स्वयंपाकाचं सगळं मोडलं. पुरोहित "अम्मा, अम्मा" म्हणत उठले. अक्का त्यांच्यासमोरून, मांडलेल्या पानांच्या कडेने, त्याला घेऊन रस्त्यावर गेल्या. रिक्षात मी त्याचे पाय धरले होते.

हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरने विचारलं, काही औषध चालू आहे का. अक्का तमिळमध्ये म्हणाल्या, "प्रेडनिसोलोन. दोन वर्षं. गेले तीन दिवस मी दिली नाही." गोळी राहिली, चुकली, देता आली नाही, यातलं काहीही त्या म्हणू शकल्या असत्या. त्या 'मी दिली नाही' म्हणाल्या. त्या एका वाक्याने रघु वाचला असं तो डॉक्टर नंतर म्हणाला, कारण ते कळताच त्याने दुसरं काही शोधत न बसता शिरेतून तेच औषध आणि सलाइन सुरू केलं. संध्याकाळी सहाला रघुने डोळे उघडले आणि वडे उरले आहेत का विचारलं.

डॉक्टर वयाने अक्कांच्या नातवासारखा, पण त्याने त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. मग समजावलं. अशा तऱ्हेचं एक द्रव्य शरीर स्वतःही बनवतं. बाहेरून गोळी मिळत राहिली की ते बनवणं सोडून देतं. गोळी एकदम थांबली की शरीराकडे ना आपलं, ना बाहेरचं. आणि आजारपणात तर त्याची गरज वाढते. उलटी होते म्हणून गोळी ठेवून द्यायची नाही, तडक इथे आणायचं, इंजेक्शनने देता येतं. अक्कांनी ते सगळं उभ्याने ऐकलं. शेवटी म्हणाल्या, "हें मोठ्या तमिळ अक्षरांत लिहून दे बाळा. मी एक नियम पाळला आणि दुसरा मोडला. दोन्हीं कागदावर शेजारीं शेजारीं पाहिजेत."

घरी वत्सलाने पुन्हा आंघोळ करून नवा स्वयंपाक केला होता आणि चार वाजता पानं उठली होती. पुरोहित दुसऱ्या दिवशी मुद्दाम आले. श्राद्धात विघ्न आलं, प्रायश्चित्त घ्यावं लागेल, असं म्हणाले. हे पुरोहित अक्कांच्या लग्नालाही होते, त्यांचा मान मोठा. अक्का म्हणाल्या, "प्रायश्चित्त मी घेतें. पण तें श्राद्ध मोडल्याचें नव्हे, पोरास उपाशी ठेवल्याचें. माझा बाप नातवास भुकेला निजवून आपण वडे खाईल असें तुम्हांस वाटतें?" अक्कांनी एक महिना एकवेळ जेवून काढला. तो पोरासाठी केला की बापासाठी, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

पुढल्या श्राद्धापासून एक नवी रीत पडली. खालचं स्वयंपाकघर सोवळ्यात अडकलेलं, म्हणून रघुची इडली माझ्याकडून यायची. माझ्या गॅसवरची, माझ्या भांड्यातली. पहिल्या वेळी मी विचारलं, "अक्का, चालेल ना?" त्या म्हणाल्या, "नरम केलीस तर चालेल. तुझी इडली दगड असते."

त्याच सुमारास त्यांनी रघुला शिकवायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं असं की मोठी माणसं चुकतात, आपण स्वतः चुकलो. तेव्हा मात्रै त्याची, तर हिशेबही त्यानेच ठेवावा. रोज आठ वाजता त्या त्याला विचारायच्या, "आज कां घ्यायची?" आणि तो सांगायचा. "काल घेतली म्हणून थांबायची कां?" तो सांगायचा. "उलटी झाली तर?" "आस्पत्रींत जायचें." "कोणी मोठा माणूस नको म्हणाला तर?" यावर तो पहिल्यांदा अडखळला. अक्का म्हणाल्या, "मोठ्या माणसास नमस्कार करायचा आणि घ्यायची."

रघु अकरा वर्षांचा होईपर्यंत चालला. घरातल्या घरात, भिंत धरून, पण चालला. मग एका पावसाळ्यात पाय थांबले आणि चाकांची खुर्ची आली. मला रडू यायचं. अक्का त्याला खुर्चीसकट मंडीत न्यायच्या, आता आधी खुर्ची तोलायची आणि मग रघुसकट. डॉक्टरांनी गोळी कमी केली, पण चालू ठेवली. अक्कांनी मला सांगितलं की पाय गेले तरी हात आहेत, श्वास आहे, त्यांचेही दिवस असतात. माझ्या नवऱ्याची बदली मध्येच तंजावरच्या शाखेत झाली होती, पण आम्ही घर बदललं नाही, तो रोज गाडीने ये-जा करायचा. कारण विचारलं की तो भाडं कमी आहे म्हणून सांगायचा.

अक्का गेल्या त्या वर्षी रघु तेरा वर्षांचा होता. पहाटे त्यांना छातीत कळ आली, वत्सलाला हाक मारली, आणि डॉक्टर येईपर्यंत संपलंही होतं. सात वाजेपर्यंत गल्ली जमली. अक्कांना पुढल्या खोलीत खाली निजवलं होतं. रघुची खुर्ची त्यांच्या पायांशी होती. तो रडत नव्हता. वत्सलाचं रडणं थांबत नव्हतं आणि श्रीनिवासराव भिंतीला टेकून बसले होते. लांबून यायचं असं कोणी नव्हतं, म्हणून लवकर उचलायचं ठरलं. घरात प्रेत असताना चूल पेटत नाही आणि कोणी अन्नाला शिवत नाही. पुरोहित तेच, आता फार म्हातारे झालेले. त्यांनी पावणेआठला सांगितलं की तयारी झाली आहे, चला.

खांदेकरी पुढे झाले. मी पदराला डोळे पुसत होते. मी विसरले होते. वत्सला विसरली होती, श्रीनिवासराव विसरले होते. सहा वर्षं ज्या घड्याळावर ते घर चाललं, त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

"मामी," रघु म्हणाला, "आठ वाजत आले. माझी इडली."

एक नातेवाईक बाई पुटपुटल्या की शोभतं का हे. पुरोहित खुर्चीजवळ वाकले आणि प्रेमानेच म्हणाले, "बाळा, आधी अक्काला जाऊ दे. सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की दुपारी जेव. एका दिवसानं काय होतंय?"

रघुने त्यांना हात जोडले. हात कोपराच्या वर जात नव्हते, तितके जोडले. म्हणाला, "आत्त्या म्हणाली होती, मी मेलें त्या दिवशीं सगळे विसरतील. तूं विसरूं नको."

पुरोहित त्याच्याकडे बघत राहिले. मग अक्कांकडे पाहिलं. मग ते जमिनीवर बसले आणि मला म्हणाले, "आणा."

माझ्याकडे आदल्या रात्रीचं पीठ होतं. मी वर गेले, गॅस पेटवला, आणि वाफ येईपर्यंत ओट्याला धरून उभी राहिले. खाली पंधरा-वीस माणसं, खांदेकरी, पुरोहित, सगळे थांबले होते. मी ताटली आणून रघुच्या मांडीवरच्या फळीवर ठेवली. वत्सला भरवायला पुढे झाली. तो नको म्हणाला. खुर्चीच्या हातावर कोपर टेकून, मान खाली नेऊन, त्याने एकेक घास स्वतः तोंडात घातला. तिसऱ्या घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना, आणि तो खातही थांबला नाही. तीन इडल्या पुऱ्या संपवल्या. मग गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायला, आणि तोंड उघडून मला दाखवलं.

"झालें," तो म्हणाला. "आतां आत्त्यास न्या."